सात नंबरच्या कुलपाचं पान

माझ्या आत्याच्या घरात कुठलीही वस्तू एका फेरीत सापडत नसे. कात्री हवी असली की आधी स्वयंपाकघरातला खण उघडायचा. तिथे कात्री नसे, चिठ्ठी असे: ‘कात्री : पाहा, शिवणाचा डबा’. शिवणाच्या डब्यात दुसरी चिठ्ठी: ‘कात्री तात्पुरती बुटांच्या कपाटावर. बटणांसाठी पाहा, काचेची बरणी’. बुटांच्या कपाटावर कात्री खरोखरच असे आणि तिच्या मुठीला दोऱ्याने बांधलेली तिसरी चिठ्ठी असे: ‘काम झाल्यावर खणात ठेवणे’. एकदा आत्याचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, बॅटरीचे सेल शोधायला निघाले ते वीस मिनिटांनी परत आले. हातात सेल नव्हते, पण चार वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा होता.

“तुझ्या चिठ्ठ्या वाईट नाहीत,” ते म्हणाले. “फक्त मला जिथे जायचं असतं तिथे त्यांना जायचं नसतं.”

ही तिची खोड नव्हती, नोकरी होती. कुलपं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या संकेतस्थळावर एका पानावरून दुसऱ्या पानावर जायचे दुवे घालायचे, तपासायचे, तुटले तर सांधायचे, हे तिचं काम. आधी ती छापील सूचीपत्राच्या विभागात होती. ‘बिजागऱ्यांसाठी पाहा, पृष्ठ सेहेचाळीस’ असं लिहिण्यात तिची पंधरा वर्षं गेली. मग सूचीपत्र बंद झालं, पानं संगणकात गेली आणि पानांबरोबर आत्याही गेली. एकूण नऊशे चाळीस पानं. कपाटांची कुलपं, दारांची कुलपं, तिजोऱ्या, कड्या, सुट्या किल्ल्या, तक्रारी, रजेचे नियम, संचालकांचे फोटो. बाहेरच्या जगाशी तिला कर्तव्य नव्हतं. माणूस साइटवर कसा आला, हे दुसरं कुणी बघे. आत आल्यावर तो कुठे जाईल, ते आत्या बघे.

तिचे नियम ठरलेले होते. ‘येथे क्लिक करा’ असं कुणी लिहून दिलं की तिचं डोकं फिरे. “इथे म्हणजे कुठे? माणूस आधीच इथे आहे! त्याला नेणार कुठे, ते सांगा.” दुव्याचा शब्द ज्याचं नाव घेतो, तिथेच त्याने पोचवलं पाहिजे. प्रत्येक पानात शिरायला निदान एक वाट हवी आणि निघायलाही एक हवी. साइटवरच्या कुठल्याच पानावरून ज्याच्याकडे वाट जात नाही, अशा पानाला त्यांच्या धंद्यात अनाथ पान म्हणतात. त्याला पत्ता असतो, मजकूर असतो, ते दिवा लावून बसलेलं असतं. फक्त तिथे कुणी येत नाही. माणूस असा असतो, हे मला आधीपासून ठाऊक होतं. पानही असतं, हे आत्यामुळे कळलं. महिन्यातून एकदा ती अशी पानं हुडकून काढी आणि कुठेतरी जोडून देई. “आज तीन मार्गी लावली,” असं घरी येऊन सांगे, जणू तीन बेकार भाच्यांना नोकरीला चिकटवून आली होती. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होतो आणि माझी नोकरी कशीबशी टिकून होती, त्यामुळे हे ऐकताना मी मान खाली घालून जेवत असे.

अशा या आत्याने एक पान जवळजवळ वर्षभर अनाथ ठेवलं होतं. ते तिच्या नवऱ्याचं होतं.

आतोबांनी त्याच कारखान्यात एकतीस वर्षं सात नंबरच्या कुलपाची जुळणी केली. सात नंबर म्हणजे कपाटाला बसवायचं चौकोनी, जाडजूड कुलूप. आता ते बनत नाही, पण जुन्या कपाटांवर अजून आहे. कारखान्यात आतोबांना कुणी नावाने हाक मारत नसे. त्यांचंच नाव सात नंबर पडलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि समोरच्या इमारतीचं दार दिवसातून किती वेळा उघडतं, ते मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात आत्या धसकली.

“अहो, तुम्हाला येतं ते लिहून तरी काढा.”

“मला कुलूप येतं. लिहिता येत नाही.”

“तुम्ही सांगा, मी लिहिते.”

“मग तूच सांग ना, तूच लिही. मी दार मोजतो.”

पण दुसऱ्या दिवशी ते सांगू लागले. एकोणीस दिवस सांगत होते. एकेका वाक्यासाठी उठून हात हवेत धरायचे, डोळे मिटायचे, बोटं फिरवायचे आणि मग म्हणायचे, “हं, लिही.” अकरा पायऱ्यांचं पान तयार झालं: ‘सात नंबरच्या कुलपात किल्ली मोडली तर’. ते साइटवर चढवलं. आता कुठून तरी त्याला दुवा द्यायचा, एवढंच राहिलं होतं. आणि तिथेच आत्या अडली.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी विक्री विभागातल्या एका गृहस्थांनी आपल्या मेहुण्याच्या बिजागऱ्यांचं पान थेट पहिल्या पानावर जोडून घेतलं होतं. तेव्हा भर बैठकीत आत्याच म्हणाली होती, “साइट म्हणजे घरची भिंत नव्हे, नातेवाईक टांगायला.” ते गृहस्थ तेव्हापासून तिच्याशी बोलत नव्हते, नुसते बघत. आता नवऱ्याचं पान जोडलं तर ते बोलू लागतील, ही तिला भीती. उद्या बघू, असं ती म्हणाली. तो उद्या काही उजाडला नाही.

पान चढलं त्या संध्याकाळी ती घरात पाऊल टाकते तोच आतोबांनी विचारलं, “किती आले?”

“कोण?”

“पान वाचायला.”

आत्या चपला काढत होती. खाली वाकलेल्या माणसाच्या तोंडून पटकन खोटं निघतं. “चार,” ती म्हणाली.

“चार!” आतोबा खुर्चीतून उठले. “पहिल्याच दिवशी?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी आठालाच दाढी केली. भिंतीवरच्या कॅलेंडरात ते रोजचा आकडा पेन्सिलीने लिहू लागले. आत्याही आकडे देताना विचार करू लागली. सुट्टीच्या दिवशी दोन, आठवड्याच्या मध्याला पाच, आणि आतोबांच्या वाढदिवसाला अकरा. “आज गर्दी होती,” ती म्हणाली. खरा आकडा रोज शून्य असे. ती स्वतः ऑफिसातून पान उघडून बघे, पण कारखान्याचे संगणक हिशेबात धरत नसत. खिडकीपाशी दार मोजणं बंद झालं. शेजारच्या काकूंना आतोबा म्हणाले, “आपल्याला काय, रोज चार-पाच लोक असतात.” काकूंनी आत्याला विचारलं, “यांनी शिकवण्या सुरू केल्यात का?”

असे अकरा महिने गेले. मग कारखान्यात नवे व्यवस्थापक आले. उंच, तरुण, आणि आल्या आल्या त्यांनी सगळं झाडायला घेतलं: जुनी बाकं, जुन्या फायली, जुन्या सवयी. आठवडाभरात त्यांचं नाव खराटासाहेब पडलं. त्यांनी एका सकाळी आत्याच्या टेबलावर एक यादी ठेवली.

“वर्षभरात ज्या पानांना एकही भेट नाही, ती महिनाअखेर काढून टाकायची. छत्तीस आहेत.”

आत्याने यादी वाचली. एकोणतिसावं पान तिला न वाचताच दिसलं.

“आणि ज्याने पान लिहिलंय त्याला पत्र जाईल,” साहेब म्हणाले. “घरच्या पत्त्यावर. सौजन्य म्हणून.”

“काय लिहायचं त्यात?”

“जे आहे ते. ‘आपल्या पानाला वर्षभरात शून्य भेटी आल्यामुळे’, वगैरे.”

आत्या त्या दिवशी घरी आली तेव्हा आतोबा कॅलेंडरासमोर उभे राहून बेरीज करत होते. “चौदाशे एकाहत्तर झाले,” ते म्हणाले. “दीड हजाराला आपण काहीतरी गोड आणू.” आत्या सरळ स्वयंपाकघरात गेली आणि खणातली चिठ्ठी वाचत बसली. ती तिनेच लिहिलेली होती, तरी दोनदा वाचली.

महिनाअखेरीला बारा दिवस होते. दुसऱ्या सकाळपासून आत्याने आयुष्यभर पाळलेले नियम एकेक करून मोडायला घेतले, आणि तेही नीटनेटकेपणाने, रोज नऊ. ‘आमचे संचालक’ या पानावर अध्यक्षांच्या फोटोखाली ‘त्यांचा संयम आणि अनुभव’ असं होतं. त्यातल्या ‘संयम’ या शब्दावर दुवा घातला. रजेच्या नियमांत ‘अपवादात्मक परिस्थिती’वर घातला. नोकरीच्या अर्जात ‘पुढे’ या बटणाखाली घातला. तिजोऱ्यांच्या पानावर, कड्यांच्या पानावर, एवढंच काय, तक्रारींच्या पानावर ‘आम्हाला खेद आहे’ यावरही घातला. सगळ्या वाटा एकाच जागी जात होत्या: ‘कुलूप डाव्या हातात घट्ट धरा’.

तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या टेलिफोनवाल्या बाई आत्याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“मला एक सांगा. सकाळपासून सात फोन आले. एका मुलीने कारकुनाच्या जागेसाठी अर्ज भरला. ती विचारते, मोडलेली किल्ली मी घरून आणायची की परीक्षेला तुम्ही देणार?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“घरून आण म्हटलं. मला काय माहीत?”

त्या संध्याकाळी आतोबांनी विचारलं, “आज किती?”

वर्षात पहिल्यांदा आत्या खरं बोलली. “एकशे सदतीस.”

आतोबांनी पेन्सिल खाली ठेवली. “काहीतरी गडबड आहे.”

“का? नाही येऊ शकत एवढे?”

“अगं, सात नंबर आता जगात असून असून किती असेल? आणि सगळ्यांच्या किल्ल्या एकाच दिवशी मोडल्या? नीट बघ उद्या. तुला आकडा चुकून दिसला.” आणि त्यांनी कॅलेंडरात स्वतःच्या अंदाजाने ‘५’ लिहिलं.

आत्या जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “मी माणसांना फसवून घरात ओढतेय रे. नोकरी मागायला आलेल्याला कुलूप दाखवतेय.” तिच्या आवाजात असं काही होतं की मला हसू येत असूनही मी हसलो नाही.

पाचव्या दिवशी खराटासाहेबांनी तिला बोलावलं. त्यांच्या पडद्यावर आलेख होता. वर्षभर जमिनीवर झोपलेली रेघ अचानक भिंतीसारखी उभी राहिली होती.

“बाई, या पानाला चार दिवसांत चारशे बारा भेटी.”

“हो.”

“आणि सरासरी मुक्काम चार सेकंद.”

“वाचायला वेळ नसेल लोकांना.”

“अध्यक्षांनीही घरून भेट दिलीय,” साहेब म्हणाले. “स्वतःच्या फोटोखालून. त्यांचा मुक्काम अकरा सेकंद. मग त्यांनी मला फोन केला. तो मुक्काम मोठा होता.”

घरी आकडे सांगणं वेगळं; ऑफिसात आत्याला लपवाछपवी जमत नसे. तिचा सारा जन्मच कुठली गोष्ट कुठे आहे ते सांगण्यात गेला होता. तिने सगळं सांगितलं. कॅलेंडर, दाढी, वाढदिवसाचे अकरा, सगळं. साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, “या भेटी मी धरणार नाही. दुवे आजच काढा.”

“काढते. फक्त एक मागते. सुट्या किल्ल्यांच्या पानावर एक ओळ. ‘किल्ली आत मोडली असल्यास’. तिथून नवऱ्याच्या पानावर.”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. “ती तर सरळ जागा आहे. आधीपासून का नव्हती?”

“नवऱ्याचं पान आहे म्हणून.”

“मग?”

“लोक काय म्हणतील?”

“बाई,” साहेब म्हणाले, “किल्ली मोडलेला माणूस लेखक कुणाचा नवरा आहे, ते विचारतो का?”

आत्या बाहेर आली. वर्षभर ती ज्याला भीत होती ते साहेबांनी एका वाक्यात उडवून लावलं होतं. बाकीचे सगळे दुवे तिने दुपारपर्यंत उपटले. ती एक ओळ घातली. विक्री विभागाचे गृहस्थ तिच्या टेबलाजवळून गेले. त्यांनी पडदा वाचला आणि ते पुढे गेले. बोलले काहीच नाहीत. एवढ्यासाठी वर्ष गेलं, असं आत्याच्या मनात आलं असणार, कारण त्या संध्याकाळी तिने विनाकारण त्यांना शिव्या दिल्या.

मग शून्याचे दिवस आले. पहिला शून्य, दुसरा शून्य, तिसरा. घरी आत्या “चार” म्हणे, “तीन” म्हणे, आणि तिचा आवाज त्या आकड्यांवर नीट टेकत नसे. पत्रं टाईप होऊन पाकिटात गेली होती. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मला सुट्टी होती. मी आणि आतोबा घरी होतो. साडेदहाला फोन वाजला. टेलिफोनवाल्या बाई होत्या.

“सात नंबर आहेत का? त्यांना सांगा, एका दातांच्या डॉक्टरांचं कपाट अडकलंय. त्यांनी पान वाचून केलं आणि जास्तच अडकलं. कारखान्यात सात नंबर उघडणारं आता कुणी नाही. आणि तो माणूस माझ्यावर ओरडतोय. मी काय केलंय?”

आतोबांनी जुनी पिशवी काढली. चिमटे, तारेचे बारीक आकडे, तेलाची कुपी. रस्त्याने ते माझ्यापुढे चार पावलं चालत होते. “त्याने काहीतरी उलटं केलं असणार,” ते म्हणाले. “पानात सगळं आहे. लोक वाचतात, पण लक्ष देऊन वाचत नाहीत.”

दवाखान्यात तिघं बसले होते आणि तिघांचेही गाल आत गेलेले होते. डॉक्टर दारातच उभे.

“कपाटात कवळ्या आहेत,” ते म्हणाले. “काल दुरुस्त करून ठेवल्या. सकाळी किल्ली आत मोडली. ही मंडळी आठ वाजल्यापासून बसलीत.”

“माझे दात कैदेत आहेत,” एक म्हातारबाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या. शेजारचे गृहस्थ कागदावरचं भाषण हातात घेऊन बसले होते. पाच वाजता त्यांना सत्काराला उत्तर द्यायचं होतं आणि ते मुक्याने तालीम करत होते.

“पान कुठे सापडलं तुम्हाला?” आतोबांनी विचारलं. कपाटाकडे त्यांनी अजून बघितलंही नव्हतं.

“सुट्या किल्लीसाठी गेलो होतो. तिथे एक ओळ होती, ‘किल्ली आत मोडली असल्यास’. म्हटलं, ही तर आपल्यासाठीच लिहिलीय. तुम्हीच लिहिलंत का ते?”

“हो,” आतोबा म्हणाले. मी त्यांना एवढं उंच कधी पाहिलं नव्हतं.

“छान लिहिलंय. पहिल्या तीन पायऱ्या तर अगदी आईने समजावून सांगाव्यात तशा. चौथीला खटका पडला आणि सगळं बंद.”

आतोबांनी डॉक्टरांच्या हातातला छापलेला कागद घेतला. चौथी पायरी: ‘आतली चकती एक घर डावीकडे सरकवा’. त्यांनी कुलपाकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. मग घरी सांगताना करायचे तसं केलं: डोळे मिटले, हात हवेत धरले, बोटं फिरवली. डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा कुणीतरी पुसून घेतल्यासारखा झाला होता.

“हे मागून लिहिलंय,” ते हळूच म्हणाले.

“म्हणजे?”

“मी एकतीस वर्षं सात नंबर मागून बघितला. जुळणी मागून होते. झाकण उघडं, पोट माझ्याकडे. समोरून बघायची मला कधी वेळच आली नाही. माझी डावी ती तुमची उजवी.”

म्हातारबाई म्हणाल्या, “मग आता उजवीकडे फिरवा की.”

पण आतोबांच्या हातांना ते जमेना. दोनदा बोटं सवयीने डावीकडेच गेली. शेवटी त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. ते वळले, कपाटाकडे पाठ करून उभे राहिले आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन कुलपाला लावले. समोर तीन बिनदातांची माणसं आणि डॉक्टर; आणि आतोबा त्यांच्याकडे तोंड करून, नजर भिंतीवर ठेवून, शिक्षा झालेल्या मुलासारखे उभे. पण त्यांचे हात मागे कपाटाच्या आत बसल्यासारखे काम करत होते. मी चिमटा, आकडा, तेल त्यांच्या तळहातावर ठेवत गेलो. पाच मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज आला. किल्लीचा तुकडा फरशीवर पडला आणि दार आपोआप उघडलं.

भाषणाचे गृहस्थ सगळ्यात आधी उठले. दात बसवून त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं: “आज मला बोलायला शब्द सुचत नाहीत.”

“आठ वाजल्यापासून हेच घोकतायत,” डॉक्टर माझ्या कानात म्हणाले.

परत येताना आतोबा माझ्या बरोबरीने चालत होते. चौकात थांबले.

“चौदाशेच्या वर माणसं,” ते म्हणाले. “त्यातल्या एकाने जरी चौथी पायरी केली असती तरी खटका पडला असता. कारखान्यात बोंब झाली असती.”

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

“एक बोंब नाही. वर्षभरात एकही नाही.”

“वाचून सोडून दिलं असेल,” मी म्हटलं.

“चौदाशे जणांनी?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“थोडं.”

“आकडा थोडा माहीत नसतो रे,” ते म्हणाले आणि चालू लागले.

आत्या संध्याकाळी आली तेव्हा कॅलेंडर भिंतीवर नव्हतं. ते टेबलावर होतं आणि आतोबा त्यासमोर बसले होते. तिने चपला काढल्या नाहीत.

“बस,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशीचे चार?”

“नव्हते.”

“पावसाच्या त्या आठवड्यात रोज सहा-सहा होते. ते?”

“नव्हते.”

“वाढदिवसाचे अकरा?”

आत्याने मान हलवली.

“एकही नाही?”

“मी बघायचे. रोज. पण मला धरत नाहीत.”

आतोबा बराच वेळ पेन्सिल फिरवत बसले. मला वाटलं, आता ती मोडेल. मग ते म्हणाले, “बरं झालं.”

“काय बरं झालं?”

“अगं, चौदाशे कुलपं अडकली असती! चौदाशे कपाटं! तो एक डॉक्टर तीन माणसं घेऊन बसला होता. तू हिशेब कर.” आणि ते हसायला लागले. पण त्या हसण्याला तळ नव्हता. ते लगेच थांबले आणि म्हणाले, “वाट का नाही ठेवलीस? दुनियेच्या पानांना ठेवतेस.”

“तुमचं म्हणून.”

“माझं म्हणून ठेवली नाहीस, आणि माझं म्हणून खोटं सांगितलंस.”

“हो.”

“हे चिठ्ठ्यांसारखंच झालं तुझं,” आतोबा म्हणाले. “कात्री सोडून सगळीकडे फिरवलंस.”

दोन दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. मीठ मागायचं तर माझ्याकडे मागत. मीठ आत्याच्याच हाताशी असे. मी तिच्याकडून घेऊन त्यांना देई. पत्राची ती वाट बघत राहिली. पत्र आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने खराटासाहेबांना विचारलं.

“पान काढता येत नाही,” साहेब म्हणाले. “त्या डॉक्टरांनी लेखी तक्रार दिलीय. तक्रार मिटेपर्यंत पान काढायचं नाही, असा नियम आहे. माझाच आहे.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “आणि हे बघा. एक भेट. मुक्काम बावन्न मिनिटं. या साइटवर एका पानावर एवढा वेळ आजवर कुणी थांबलेलं नाही.”

“तो अडकला होता म्हणून.”

“ते कोष्टकात येत नाही,” साहेब म्हणाले.

तक्रार मिटवायची म्हणजे पान सुधारायचं. त्या संध्याकाळी आत्या कागद घेऊन आतोबांच्या खुर्चीशेजारी बसली. त्यांनी सात नंबरचं एक जुनं कुलूप कुठून तरी मिळवलं होतं आणि ते खिडकीच्या चौकटीवर टेकवून ठेवलं होतं, तोंड आपल्याकडे करून. ते त्याच्याकडे नव्या पाहुण्याकडे बघावं तसे बघत होते.

“चौथी पायरी,” ते म्हणाले. “उजवीकडे.”

आत्याने लिहिलं. सहावी बदलली, नववी बदलली. अकरावी तशीच राहिली: ‘दार आपल्याकडे ओढा’.

“आता खाली दुवा लागेल,” आत्या म्हणाली. “मागच्या वेळी मी तोही ठेवला नव्हता. पान असं मध्येच संपत नाही. वाचणाऱ्याला इथून पुढे कुठे न्यायचं?”

आतोबांनी तिच्याकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

“पुढे कुठे म्हणजे?” ते म्हणाले. “दार उघडलं ना त्याचं? आता त्याला जाऊ दे की.”

आत्याने थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं. मग अकराव्या पायरीखाली काही न लिहिता कागदाची घडी घातली.

“आज किती आले?” त्यांनी विचारलं.

“शून्य.”

“बरं,” आतोबा म्हणाले, आणि कॅलेंडर पुन्हा भिंतीवर टांगायला खिळा शोधू लागले. खिळ्यांच्या डब्यात चिठ्ठी होती.